दोन बोटं माया

मास्तरांनी कात्री डाव्या हातात धरली, कापडाच्या काठाला लावली आणि दाबली. कापड कापलं गेलं नाही. दोन पात्यांच्या मधे शिरून दुमडून बसलं. त्यांनी कात्री उघडली, कापड सोडवलं, तळहाताने सपाट केलं आणि पुन्हा दाबली. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी कात्री टेबलावर ठेवून दिली. आपटली नाही, नुसती ठेवली, आणि शिलाई मशीनवर बसलेल्या त्यांच्या बायकोचा पाय चालता चालता थांबला. आदळआपट करणारा नवरा तिच्या सवयीचा होता. हा नव्हता.

“राहू द्या आज,” ती म्हणाली. “उद्या बघू.”

“उद्या काय हाताला शिंगं फुटणार आहेत?”

यावर तिने ओवलेली सुई पुन्हा ओवायला घेतली.

झटका येऊन चार महिने झाले होते. पाय आधी परतला, मग ओठाचा वाकडेपणा गेला. जीभ तर आठवडाभरातच पूर्ववत झाली. आजाराची तिला हात लावायची छातीच झाली नसणार, असं बायको शेजारणींना सांगत असे. उजवा हात मात्र परतला नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की पेला उचलण्याइतपत जोर येईल, बारीक कामाचा भरवसा धरू नका. मग काय उपयोग त्याचा, असं मास्तर म्हणाले, आणि त्या दिवसापासून ते दुकानातल्या खुर्चीत डावा हात उजव्यावर ठेवून बसायला लागले. हातावर हात ठेवून बसणाऱ्यांची त्यांनी जन्मभर टिंगल केली होती.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली, मागच्या दोन खोल्यांत घर. खोलीच्या मानाने कटिंगचं टेबल अंमळ मोठंच होतं, आणि त्या टेबलावर मास्तरांचं राज्य होतं. शिवणारे पन्नास मिळतील, कापणारा एखादाच, असं ते म्हणत, आणि त्यांच्या तोंडून ते खोटं वाटत नसे. शिवणीसाठी कडेला जे जादा कापड सोडतात, ज्याला शिंपी माया म्हणतात, ती मास्तरांनी अर्ध्या बोटाच्या वर कधी सोडली नाही. ज्याचा हात डळमळतो त्याला माया लागते, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बायको त्यावर एकदाच बोलली होती, की कापडाचं सोडा, हा माणूस कुठेच जास्त माया ठेवत नाही. गिऱ्हाइकं हसली, मास्तरही हसले. पण ते बोलणं त्यांच्या मनात राहिलं.

आता फडताळात एक राखाडी लोकरी कापड पडून होतं. एका निवृत्त ग्रंथपालांनी ते कोटासाठी आणून दिलं होतं, नेमकं झटक्याच्या आदल्या दिवशी. दुसरीकडे टाकायला ते तयार नव्हते. दर आठवड्याला येत, कापडावरून हात फिरवत, जरा टेकत आणि “घाई नाही मास्तर, थंडीला वेळ आहे” असं म्हणून जात. थंडीला तसा फारसा वेळ उरला नव्हता. सकाळी त्यांच्या गळ्याभोवती मफलर दिसायला लागला होता, आणि मास्तरांना तो बघवत नव्हता.

शेजारच्या बटणवाल्याला माल ठेवायला जागा हवी होती. मास्तरांनी त्याला सांगून टाकलं होतं, की लेक सुट्टीला येतेय, ती परत निघाली की त्या दिवशी काय ते पक्कं सांगतो. मनातून उत्तर ठरलेलंच होतं. दुकान द्यायचं, टेबल मोडीत काढायचं आणि मागच्या खोलीत बसायचं. बायकोला त्यांनी विचारलं नव्हतं. तिने ते दाराआडून ऐकलं होतं आणि त्यानंतर दोन दिवस मशीन जरा जास्तच वेगाने चालवलं होतं.

लेक आली ती वीस दिवसांची सुट्टी घेऊन. लांबच्या शहरात ती शाळेत गणित शिकवत असे. आल्या आल्या तिने बाबांचा उजवा हात हातात घेऊन जरा दाबून पाहिला आणि भिंतीकडे बघून हसली. भिंतीवरच्या खिळ्याला टेप होता, लाकडी पट्टी होती आणि तारेचा, गंजलेला, उंदराचा पिंजरा होता.

“हा अजून ठेवलाय?”

“असू दे,” मास्तर म्हणाले. “त्या उंदराने माझा जीव खाल्लाय.”

ते खरं होतं. लेक लहान असताना टेबलाखालच्या चिंध्यांच्या पोत्यात एक उंदीर लागला होता. सुती चिंध्यांच्या कडा कुरतडलेल्या सापडत. मास्तर रोज संध्याकाळी पिंजऱ्यात पावाचा तुकडा अडकवत, आणि सकाळी बघावं तर पाव गायब, झडप वर, उंदराचा पत्ता नाही. मास्तर गुडघ्यांवर बसून रिकाम्या पिंजऱ्यात डोकावत आणि रोज एकच म्हणत, “हुशार आहे.” त्या दुकानात एवढी शाबासकी दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आली नव्हती.

लेकीच्या वाट्याला तर नाहीच. ती जन्माची डावरी. कात्रीला एकच हात कळतो, उजवा; डाव्याने धरली की खिळा ढिला पडतो आणि धार फिरते, असं मास्तरांना त्यांच्या गुरूंनी शिकवलं होतं, आणि गुरूचा शब्द ते खाली पडू देत नसत. सात वर्षांच्या पोरीने डाव्या हाताने कात्री उचलली तेव्हा लाकडी पट्टी बसली. पुन्हा उचलली तेव्हा त्यांनी टेप काढला आणि तिचा डावा हात कमरेशी बांधून ठेवला, एक अख्खी दुपार. त्यानंतर तिने कात्रीला हात लावलेला त्यांनी पाहिला नाही. उजव्या हाताचं तिचं अक्षर मात्र मोत्यासारखं झालं. वळण मी लावलं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मास्तर खुर्चीत डोळे मिटून बसले होते. बायको आत होती. टेबलापाशी कात्रीचा आवाज आला, आणि तो आवाज नीट होता. अडखळत नव्हता, कापड चावत नव्हता. त्यांनी डोळे उघडले. मशीन पुसायला फडकं करावं म्हणून लेक एका जुन्या सदऱ्याची बाही कापत होती. कात्री त्यांची होती आणि हात डावा होता.

तिचं लक्ष गेलं. तिने झटकन कात्री उजव्या हातात घेतली. चाळिशीला आलेली, वर्गातल्या पन्नास पोरांना धाकात ठेवणारी बाई, आणि पट्टी बसायच्या आत हात बदलावा तसा तिने हात बदलला. मास्तर खुर्चीत सरळ बसले.

“डाव्याच हातात धर,” ते म्हणाले.

कात्री तिच्या उजव्याच हातात राहिली.

“धर म्हणतो ना. दुमडत कसं नाही तुझं?”

मग ती मास्तरीण झाली. कात्री उजव्यांसाठीच घडवलेली असते, तिने सांगितलं. उजवी मूठ मिटली की पाती आपोआप एकमेकांना चिकटतात. डावी मिटली की फाकतात आणि कापड त्या फटीत शिरतं.

“म्हणून अंगठा बाहेर ढकलायचा नाही, बाबा. आत ओढायचा. आणि बोटं बाहेर रेटायची. हाताला नको वाटतं, पण तेच करायचं.”

“कोणी शिकवलं हे?”

“कोणी नाही.”

मास्तरांनी कात्री घेतली. अंगठा आत ओढला तर बोटं विसरली, बोटं रेटली तर अंगठा सुटला. विसाव्या खेपेला पात्यांच्या टोकाशी चार धागे तुटले. फक्त चार. मास्तरांनी ते चार धागे बोटाने चाचपून पाहिले आणि बायकोला हाक मारून आतून बोलावलं, कारण कोणाला तरी दाखवणं भाग होतं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा भरली. लेक जुन्या कागदावर रेघा आखून देई आणि मास्तर रेघेवरून कापत. आधी सरळ, मग तिरक्या, मग वळणाच्या. इतका वाईट विद्यार्थी आपल्याला आजवर मिळाला नाही, असं तिने आईला सांगितलं. पहिल्या दोन दिवसांतच त्याला कोट कापायचा होता. पी हळद नि हो गोरी. रेघ चुकली की कागद वाईट, धार बोथट, उजेड कमी. एकदा तर रुसून ते आत जाऊन झोपले. तासाभराने आपले आपण बाहेर आले आणि कात्री उचलली.

“रेघेबाहेर गेलं,” लेक म्हणाली. “पुन्हा.”

तो स्वर मास्तरांच्या ओळखीचा होता. तो त्यांचाच होता. फक्त तिच्या हातात पट्टी नव्हती.

कापताना एक वेगळीच अडचण होती. उजवा हात टेबलावरून घरंगळून मधे येई. पाचव्या दिवशी तो तिसऱ्यांदा कात्रीखाली आला तेव्हा लेकीने ताडकन उठून खिळ्यावरचा टेप काढला. हात कमरेशी बांधून टाकावा, म्हणजे मधे यायला नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं. टेप उलगडत ती दोन पावलं आली आणि थांबली. मास्तरही टेपाकडेच बघत होते. तिकडे मशीन थांबलं होतं.

मग मास्तरांनी उजवा हात डाव्याने उचलून कमरेशी धरला आणि तिच्यासमोर केला.

“बांध,” ते म्हणाले.

लेकीने टेप गुंडाळला आणि खिळ्याला लावून टाकला. तिने बाबांचा तो जड हात दोन्ही हातांनी उचलला, बोटं एकेक सरळ केली आणि पसरलेल्या कागदावर ठेवला.

“हा इथं राहू दे. कापड सरकू नये म्हणून इस्त्री ठेवता ना वजनाला, तसा.”

कागद हलला नाही. मास्तरांनी रेघ संपेपर्यंत कापलं आणि मग बराच वेळ उजव्या हाताकडे पाहिलं. चार महिन्यांत त्याला आज पहिल्यांदा काम मिळालं होतं.

बाराव्या दिवशी कागद संपले आणि कापड आलं. वीतभर सुती चिंधी. मास्तर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले तोवर त्यांच्या कपाळावर घाम आला होता. बायको मशीन सोडून बघायला आली. चिंधी कापली गेली होती, पण कड बघवत नव्हती.

“डोंगर पोखरून उंदीर काढला,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी ती फेकायला हात उचलला.

फेकली नाही. उजेडात धरली. कडेला बारीक बारीक दात होते, सारख्या अंतरावर, आणि प्रत्येक दातापाशी कापड किंचित चुरगळलेलं होतं. ही कड त्यांनी पाहिली होती. एकदा नाही, शेकडो वेळा पाहिली होती, गिऱ्हाइकांना दाखवली होती, तिला शिव्या घातल्या होत्या.

त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. ती कागदाचे कपटे गोळा करत होती, गरजेपेक्षा जास्त नीट.

“उंदीर नव्हता,” मास्तर म्हणाले.

“नव्हता.”

हळूहळू तिने सांगितलं. दुपारी बाबा जेवून आडवे झाले की ती टेबलाखाली बसून कापायची आणि तुकडे पोत्यात खोल दाबून ठेवायची. अंगठ्याची ती युक्ती सापडायला दोन वर्षं लागली. तोवर सगळ्या कडा अशाच यायच्या.

“आणि पाव?”

“तोही मीच. सकाळी तुम्ही उठायच्या आधी.”

“कोरडा पाव पोरीच्या घशात अडकेल म्हणून मी लोणी लावून ठेवायचे,” बायको म्हणाली. हे तिने इतक्या सहज सांगितलं, की मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. तीस वर्षं आपल्या राज्यात काय काय चाललं होतं, त्याचा राजाला पत्ता नव्हता.

“मग तो गेला कसा? उंदीर?”

“माझी कड सरळ यायला लागली,” लेक म्हणाली. आणि जरा थांबून, “तरी थोडे दिवस मी मुद्दाम वाकडं कापलं.”

“मुद्दाम का?”

“सकाळी तुम्ही म्हणायचात ना.”

काय म्हणायचो, हे मास्तरांनी विचारलं नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेच्या जोडीला लेकीचा असा काही अभिमान दाटून आला, की दोन्हीचं काय करावं हे त्यांना कळेना. त्यांनी दुसरी चिंधी ओढली, उजवा हात उचलून तिच्यावर ठेवला आणि कात्री लावली. “अंगठा आत,” ते स्वतःशीच म्हणाले.

नंतरचे दिवस भराभर गेले. चिंध्यांच्या कडांचे दात कमी झाले, गेले नाहीत. सतराव्या दिवशी मास्तरांनी कोटाचं अस्तर कापलं. वेळ लागला. पूर्वी जेवढ्या वेळात त्यांचा अख्खा कोट कापून व्हायचा, तेवढ्यात आता अस्तराची एक बाही झाली. पण ती बाही होती, हे बघणाऱ्या कोणीही मान्य केलं असतं. ग्रंथपाल त्या दिवशी आले, टेबलावरच्या अस्तरावरून त्यांनी हात फिरवला, आणि जाताना नेहमीचं वाक्य विसरले.

लेक निघायच्या आदल्या संध्याकाळी मास्तरांनी बायकोकडे पावाचा तुकडा मागितला. कशाला, असं तिने विचारलं, तेव्हा दे म्हणतो तर दे, असं उत्तर मिळालं. लोणी त्यांनी स्वतःच लावलं, डाव्या हाताने, आणि निम्मं ताटलीला लागलं. मग खिळ्यावरचा पिंजरा काढला. एका हाताने तुकडा आकड्यात अडकवायला त्यांना बराच वेळ लागला. तो दोनदा पडला, पण बायको मदतीला उठली नाही. पिंजरा टेबलाखाली जुन्या जागी सरकवून ते आत गेले. लेक तेव्हा आपली पिशवी भरत होती.

सकाळी दुकान उघडून बायकोने राखाडी कापड टेबलावर पसरलं. कोटाची पाठ कापायची होती. मास्तर पट्टीवर उजवा हात ठेवून डाव्याने खडूची रेघ ओढत होते आणि बायको दुसरं टोक धरून उभी होती.

“बटणवाला येऊन गेला,” ती म्हणाली. “मी सांगितलं, जागा नाही.”

मास्तरांचा खडू थांबला. “मला न विचारता?”

“तुम्ही कुठं मला विचारलं होतंत?”

मास्तरांनी खडू पुन्हा टेकवला. रेघ पूर्ण झाली तेव्हा तिने विचारलं, माया किती धरायची. दर वेळी विचारायची आणि दर वेळी ठरलेलं उत्तर मिळायचं.

“दोन बोटं,” मास्तर म्हणाले. तिने मान वर केली तसं त्यांनी पुढे सांगितलं, “हात डळमळतो अजून. असू दे जास्त.”

आतून लेक आली. पिशवी खांद्याला होती, बसची वेळ होत आली होती. मास्तरांनी खडू ठेवला. टेबलाची कड धरून, एक पाय आधी, मग दुसरा, असे ते खाली गुडघ्यांवर बसले. बायको आधाराला पुढे झाली, तिला त्यांनी मानेनेच नको म्हटलं. त्यांनी पिंजरा बाहेर ओढला. झडप वर होती. आत काही नव्हतं.

ते रिकाम्या पिंजऱ्यात डोकावले.

“हुशार आहे,” मास्तर म्हणाले. या वेळी ते पिंजऱ्याकडे बघून म्हणाले नाहीत.

लेक उंबऱ्यात उभी होती. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात लोणी लागलं होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. बस चुकेल, असं आई म्हणाली. लेकीने पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली.

मास्तर टेबलाला धरून उठले, उजवा हात उचलून राखाडी कापडावर ठेवला आणि कात्री डाव्या हातात घेऊन काठाला लावली.